सात गाड्यांनी हॉर्न वाजवला

"आईशी एकदा एकटीशी बोल, पोरी. बाबाला बाजूला ठेवून," मॉरीन म्हणाली, तेव्हा टेगनच्या खांद्यावर आठ महिन्यांची हेझल भोकाड पसरून रडत होती आणि आत गॅसवर दुधाच्या बाटल्या उकळत होत्या.

मॉरीन दारातच उभी होती. सत्तरीची, निवृत्त नर्स, गाडीमागे कॅराव्हॅन जोडून एकटीच देशभर हिंडणारी. टेगनच्या आईवडिलांच्या शेजारी तिचा चार दिवस मुक्काम पडला होता, वर वाळवंटात. ती टेगनच्या गावाला, पोर्ट ऑगस्टाला उतरतेय म्हटल्यावर त्यांनी नातीसाठी विणलेला स्वेटर तिच्या हाती दिला. त्या रस्त्यावरची माणसं अशीच एकमेकांचं टपाल पोचवतात.

स्वेटर पिवळा होता. उजवी बाही हेझलच्या मनगटापर्यंत. डावी तिच्या पावलांच्याही खाली लोंबत होती.

"चष्म्याचा नंबर वाढलाय आईचा," टेगन हसून म्हणाली.

"चष्म्याचं नाही गं ते. चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. चार दिवसांत तुझी आई माझ्याशी एकच वाक्य बोलली. गोड बोलली, पण रोज तेच. बाकीचं सगळं तुझा बाबा बोलला. तिच्या वाटणीचंसुद्धा."

"आमच्याकडे पहिल्यापासून बाबाच बोलतो."

"असेल." मॉरीननं हेझलच्या गालाला बोट लावलं. "मी आपलं माझं काम केलं. चहाबिहा नको, गाडी रस्त्यात आडवी लावलीय. पोलीस यायचा."

टेगननं दार लावलं आणि तिला राग आला. कोण कुठली बाई, चार दिवसांच्या ओळखीवर आपल्या आईचं निदान करून मोकळी! खरं तर टेगनसारखी जागरूक बाई त्या गल्लीत दुसरी नव्हती. हेझल झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. ताप नसताना दिवसातून तीनदा थर्मामीटर लावायची. शाळेत भूगोल शिकवायची ती, पण बाळंतपणाच्या रजेत तिचा सगळा नकाशा पाळणा, बाथटब आणि खिडकी एवढ्यात येऊन बसला होता. नवरा डॅमियन खाणीवर. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे, आणि त्या एका आठवड्यातले तीन दिवस नुसता झोपलेला. एवढ्या सगळ्यावर नजर ठेवायची म्हटल्यावर कुठेतरी डोळा मिटावाच लागतो. टेगननं तो मॉरीनच्या बोलण्यावर मिटला. स्वेटरची लांब बाही तिनं आत दुमडली, पिन लावली, आणि विषय संपवला.

फोन दर रविवारी यायचा, पाचच्या सुमाराला. बाबाचा.

"काय पोरी, बरी आहेस? बरीच असशील. डॅमियन खाणीवर? असणारच. हेझल रांगते का? आई विचारतेय. इकडे थंडी मस्त आहे, रात्री पाणी गोठतं. आई म्हणते आणखी वर जाऊ. जाऊच म्हटलं."

"आईला दे ना जरा."

"हो, ही घे. ग्लेन, टेग आहे, टेग."

मग थोडी खुसफूस, आणि आईचा तो गोड आवाज. "हॅलो राणी! काय छान ऊन पडलंय इथं. मजेत आहोत आम्ही."

"आई, स्वेटर मिळाला बरं का."

"काय छान ऊन पडलंय," आई म्हणायची, आणि तेवढ्यात बाबाचा आवाज पुन्हा यायचा. सिग्नल जातोय गं, ठेवतो. टेगनही ठेवायची. गॅसवर काहीतरी असायचंच.

जुलैच्या मध्यात मंगळवारी फोन वाजला. नंबर अनोळखी. नंबाना रोडहाऊसची लिनेट बोलत होती. वाळवंटातल्या हमरस्त्यावर शे-दीडशे किलोमीटरमध्ये एकच पेट्रोल पंप, एकच स्वयंपाकघर आणि एकच भांडखोर बाई असते, तशी ती त्या टापूतली.

"नेव्हिलची मुलगी ना तू? घाबरू नकोस. तुझा बाप ठीक आहे. पायाला लागलंय, चालता येतंय. मोडलेला नाही. डॉक्टर शुक्रवारी येतो विमानानं. पण तू ये."

"बाबानं सांगितलं यायला?"

"त्यानं फोन करू नकोस म्हणून सांगितलंय. म्हणूनच करतेय."

डॅमियन भुयारात होता. त्याच्यासाठी निरोप ठेवून टेगन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघाली. साडेपाच तासांचा रस्ता. तांबडी माती, करडी झुडपं आणि आकाश. तिनं तो सात तासांत केला, कारण दर पाऊण तासाला गाडी कडेला घेऊन ती मागच्या सीटवरच्या हेझलचा श्वास बघत होती. समोरून कॅराव्हॅनवाले येत होते, एकामागून एक. सगळे पिकलेल्या केसांचे, नवरा चाकावर, बायको शेजारी नकाशा घेऊन. प्रत्येक जण हात वर करायचा. त्या रस्त्यावर हात करावाच लागतो. नाही केला तर लोक समजतात की माणूस शहरातला आहे किंवा आत्ताच भांडून निघालाय. टेगनही करत होती. लहानपणापासूनची सवय.

नंबानाला पोचली तेव्हा चार वाजत आले होते. त्या वेळेला तिथं सगळे मुक्कामाला लागलेले असतात, कारण सूर्य कलला की कांगारू रस्त्यावर येतात आणि कॅराव्हॅन घेऊन ब्रेक मारणं कुणालाच परवडत नाही. दहा-बारा जोडपी खुर्च्या टाकून बसली होती आणि सगळ्यांच्या खुर्च्या एकाच बाजूला वळलेल्या होत्या. कुणाला कॅराव्हॅन मागे घ्यायची असली की बाकीच्यांची ती करमणूक असते. जन्मभर गुण्यागोविंदानं राहिलेली जोडपी तिथं एकमेकांना काय काय बोलतात ते ऐकायला लोक चहाचा कप भरून घेऊन बसतात.

आज पाळी तिच्या बाबाची होती.

लिनेटच्या माणसानं त्यांची कॅराव्हॅन, बाबाला लागलं त्या नाल्याकाठून ओढून पंपाजवळ आणून ठेवली होती, आणि आता ती आपल्या जागेवर, दोन खांबांच्या मध्ये लावायची होती. बाबा गाडीत होता. डावा पाय पट्ट्यांनी जाडजूड. मागे, कॅराव्हॅनच्या पाठीशी, आई उभी होती. रुंद काठाची हॅट, निळं जाकीट, दोन्ही हात वर. मागून हातांनी खुणा करायचं हे काम तिचंच होतं. वीस वर्षं शाळेची बस चालवली होती तिनं. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधला फिटर, पण गाडी मागे घेताना जगात एकाच माणसाच्या हातांवर त्याचा विश्वास होता.

"नेव, दोस्ता, बायकोचं ऐक!" खुर्चीतून कुणीतरी ओरडलं. "गेल्या आठवड्यात याच खांबापाशी एकाचा संसार मोडला!"

"खांबाचं काय झालं?"

"खांब बरा आहे. त्याला कुणी विचारलंच नाही!"

हशा पिकला. टेगन हेझलला कडेवर घेऊन गाडीतून उतरली. हाक मारणार होती, पण तिची नजर आईच्या हातांवर गेली.

आई दोन्ही हातांनी 'ये, ये, सरळ ये' म्हणत होती. कॅराव्हॅनचा उजवा कोपरा खांबापासून हातभर अंतरावर होता. सरळ आली असती तर खांब आत घुसला असता. आई हसत होती आणि 'ये, ये' करत होती. मग एकदम तिनं एक हात डोक्यावर गोल फिरवला. ती खूण कशाचीच नव्हती.

कॅराव्हॅन थांबली. बाबानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आईकडे बघून मान हलवली, अगदी समजल्यासारखी, आणि आरशात बघत चाक उलट्या बाजूला वळवलं. इंच इंच करत. पुढे घेतली, पुन्हा मागे. आईचे हात हवेत काहीतरी विणत होते आणि बाबा दर वेळी त्यांच्याकडे बघून 'हो, हो' करत होता आणि आपल्या मनानं गाडी घेत होता. पाच मिनिटांत ती दोन खांबांच्या बरोबर मध्ये उभी राहिली.

बाबा लंगडत उतरला. "शाब्बास, ग्लेन! एक बोट इकडं नाही की तिकडं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हॅट काढून लवून नमस्कार केला. लिनेट पंपाच्या दारातून म्हणाली, "बघा रे बाप्यांनो, असं ऐकायचं असतं बायकोचं."

मग बाबानं टेगनला पाहिलं. तो तिथंच थांबला. त्याचा चेहरा तिला आठवतो त्यापेक्षा लहान झाला होता, कपडा आटतो तसा.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"आलीस? बरं झालं. चहा घेणार? घेशीलच. साखर? नको असते तुला."

"बाबा. कधीपासून?"

"दोन हिवाळे," बाबा म्हणाला, आणि किटली शोधायला वळला.

आई तोवर जवळ आली होती. तिनं टेगनकडे पाहिलं, पाहुण्याकडे बघतात तशा अदबीनं, आणि मग हेझलकडे, आणि तिचे दोन्ही हात आपसूक पुढे झाले. टेगननं क्षणभर बाळ सोडलं नाही. लाज वाटली तिला, पण नाही सोडलं. मग सोडलं. आईनं मानेखाली तळवा घातला, बाळ छातीशी घेतलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलायला लागली. हातांना सगळं येत होतं. हेझल, जी डॅमियनकडेसुद्धा पहिले दोन दिवस जात नाही, ती गप्प झाली.

"लांबून आलात?" आईनं टेगनला विचारलं.

"हो," टेगन म्हणाली. "बरीच लांबून."

"काय छान ऊन पडलंय."

बाबानं तिला हकिगत सांगितली ती पाण्याच्या टाकीपाशी, नळाला नळी जोडता जोडता. तिथून आई दिसत होती. टेगननं खुर्ची मुद्दाम तशी लावली होती.

"तुला सांगतो, काही विशेष नाही झालं. नाल्यात लाकडं वेचायला उतरलो. कोरडा नाला. कड ढासळली आणि ओंडका आला पायावर. मोडलं काही नाही, पण पाय निघेना. अकरा वाजलेले. तिथून मला कॅराव्हॅनचं छप्पर दिसत होतं आणि तुझ्या आईची हॅट. साठ पावलं असतील, जास्त नाही. हाक मारली. आली ती. काठावर उभी राहून बघितलं माझ्याकडे. म्हणाली, 'नेव, चहा टाकू का?'"

तो हसला. टेगनला हसता आलं नाही.

"मी म्हटलं, ग्लेन, आधी रस्त्यावर जा, कुणाला तरी थांबव. हो म्हणाली. आणि गेली बरं का! खरोखर गेली. खुर्ची नेली रस्त्याच्या कडेला, बसली, आणि गाडी आली की हात हलवायला लागली. मी म्हटलं, सुटलो. पहिली गाडी आली. हळू झालेली मला ऐकू आली. मग पाँ पाँ. आणि गेली."

नळातून पाणी यायला लागलं. त्यानं आधीचं तांबूस पाणी वाहून जाऊ दिलं.

"दुसरी आली. पाँ पाँ. मग तो लांबलचक ट्रक, तीन डबेवाला, त्याचा तर काय भोंगा! मग कॅराव्हॅन, आवाजावरून कळतं मला. सात गाड्या, टेग. सातही जणांनी हॉर्न वाजवला. सगळी आपलीच माणसं. वाईट नव्हेत. मीही तेच केलं असतं. खुर्चीत बसलेली म्हातारी बाई, हॅट घातलेली, हसतेय, हात करतेय. मागे कॅराव्हॅन, किटली. कोण थांबणार? उलट वाटणार, वा, कसं मजेत चाललंय यांचं."

"मग थांबलं कोण?"

"दोन कोरियन पोरी, भाड्याच्या व्हॅनमधून. त्यांना आपली पद्धत माहीत नव्हती. त्यांना वाटलं, अनोळखी बाई हात करतेय म्हणजे तिला काहीतरी हवंय." बाबानं नळ बंद केला. "तीन वाजून गेले होते तेव्हा."

समोर आई हेझलला घेऊन सावलीच्या कडेकडेनं फिरत होती.

"ती मदतीला बोलावत होती का नुसतीच हात करत होती, हे मला अजून कळलेलं नाही," बाबा म्हणाला. "विचारलं मी. तर म्हणते, छान ऊन पडलं होतं."

टेगनला रविवारचे सगळे फोन आठवले. तोच आवाज, तेच वाक्य, आणि आपण 'बरं आई, ठेवते' म्हणून गॅसकडे पळालेलो. सातांत तिची गाडी धरली नव्हती एवढंच. मॉरीन तर दारात येऊन सांगून गेली होती.

"घरी चला," ती म्हणाली. "दोघंही. माझ्याकडे. मागची खोली रिकामीच आहे."

"मागच्या नाताळाला आम्ही होतो ना तुझ्याकडे, त्या खोलीत?"

"हो."

"सणाच्या पहाटे ती पॅसेजमध्ये उभी राहून रडत होती. बाथरूम सापडेना. पाच दारं आहेत तुझ्या पॅसेजला. हेझल तान्ही होती, रात्रभर जागून तुला झोप लागली होती. मी तिचे कपडे बदलले आणि मशीन लावलं. तू उठून म्हणालीस, बाबा, सणाच्या दिवशी सकाळी सकाळी धुणं काय काढलंस?"

टेगनला ते धुणं आठवलं. तिनं त्याची थट्टाही केली होती.

"कॅराव्हॅन सहा मीटरची आहे," बाबा म्हणाला. "बिछान्यातून उठली की समोर एकच दार. कप हाताशी. खिडकीबाहेर रोज वेगळं काहीतरी, मग रोजचं काही आठवलं नाही म्हणून कुणी चुकत नाही तिचं. इथं ती हरवत नाही, टेग. घरात हरवते. तिकडे आलो तर आधी तुझा डॉक्टर येईल, मग कुणीतरी कागद घेऊन येईल, आणि तिला एका इमारतीत ठेवतील आणि मला दुसरीकडे. बायको कशी आहे हे बघायला मला वेळ घेऊन जावं लागेल. बावन्न वर्षांनी."

"आणि पुन्हा पडलास तर?"

त्यानं नळी काढून गुंडाळली. मग म्हणाला, "नाल्यात नाही उतरणार."

तो संध्याकाळभर बोलत होता. टायर, खडी, पंपावरचं खारं पाणी, मारला नावाच्या गावी भेटलेला एक तिरसट पोस्टमास्तर, पक्ष्यांचे थवे. भाज्या चिरताना बोलत होता, मटणाचे तुकडे उलटताना बोलत होता. प्रश्न तोच विचारायचा, उत्तर तोच द्यायचा, आणि मग दचकून टेगनकडे बघायचा, खरंच समोर कुणीतरी उत्तर देणारं आहे म्हणून. ऐकून घ्यायची सवय मोडलेली, एकट्यानंच बोलायची लागलेली. तिनं ओळखली ती सवय. तिलाही तीच लागली होती. दिवसभर हेझलशी ती तशीच बोलायची, दोघींच्या वतीनं. पण तिचं बाळ उद्या बोलायला शिकणार होतं.

दोन दिवस ती तिथं राहिली. आईनं तिला एकदाही नावानं हाक मारली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या विस्कटलेल्या केसांकडे बघितलं, कंगवा आणला, आणि काही न बोलता तिची वेणी घातली. घट्ट, शाळेत जाताना घालायची तशी. टेगन हलली नाही. मान दुखायला लागली तरी हलली नाही.

शुक्रवारी विमान आलं. पंधरवड्यातून एकदा येणारा तरुण डॉक्टर, लिनेटच्या मागच्या खोलीत टेबलावर चादर टाकून लोकांना तपासायचा. त्यानं बाबाच्या पायाची पट्टी सोडली, जखम बघितली, नाक मुरडलं.

"दहा दिवस गाडी चालवायची नाही."

"डावा पाय आहे. माझ्या गाडीला क्लच नाही," बाबा म्हणाला.

"तरीही नाही. गोळ्यांनी झोप येते, आणि मागे दोन टन वजन आहे तुमच्या. बाईंना चालवता येते ना? मग त्या चालवतील, तुम्ही शेजारी बसा. नाहीतर आजच मी दोघांना विमानात घालून खाली हॉस्पिटलला नेतो. तिथं दोघांचीही नीट तपासणी होईल. या वयात व्हायलाच हवी." त्यानं टेगनकडे बघितलं. "तुम्ही मुलगी ना? आई चालवते का गाडी?"

आई दारापाशी बाकावर बसली होती, मांडीवर हेझल. डॉक्टर तिच्याकडे बघून हसला. आईनं त्याला हात केला.

बाबा आपल्या पायाकडे बघत होता. त्यानं टेगनकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काही मागितलं नाही, खुणावलं नाही. नाही म्हटलं तर सगळं संपणार होतं: विमान, हॉस्पिटल, कागद, दोन इमारती. आई सुरक्षित असती. दोघंही सुरक्षित असते. टेगन अशी बाई होती जी बाळाची बाटली दोनदा उकळते. तिला याचं उत्तर माहीत होतं.

"चालवते," टेगन म्हणाली. "वीस वर्षं शाळेची बस चालवलीय तिनं. आमच्यात सगळ्यांत चांगली तीच चालवते."

"मग झालं," डॉक्टर म्हणाला आणि त्यानं लिहून दिलं.

त्या खोटेपणाचा एकच मोबदला तिनं बाबाकडून घेतला. रोज पाच वाजता फोन करायचा, सिग्नल असेल तिथून. आणि तो दहा दिवस नंबानालाच थांबेल. लिनेटनं त्याच्या गाडीची किल्ली आपल्या गल्ल्यात टाकली आणि अकराव्या दिवसापर्यंत मागायची नाही म्हणून तंबी दिली. तेवढं त्यानं पाळलं.

निघताना टेगननं हेझलला सीटला बांधलं, पट्टा तीनदा ओढून बघितला. आई खुर्चीत बसून ऊन खात होती. बाबा तिच्या गाडीच्या टायरांभोवती फिरत होता.

"बाबा, तू कसा आहेस?"

"आई ना? बरी आहे. सकाळी अंडं खाल्लं तिनं."

"आई नाही. तू."

तो बघत राहिला. सगळ्या जगाच्या वतीनं उत्तरं देणारा तिचा बाप, आणि या एका प्रश्नाला त्याच्याजवळ काही नव्हतं. हनुवटी हलायला लागली तशी तो पटकन वाकला आणि टायर दाबून बघायला लागला. "हवा कमी वाटतेय गं मागच्या चाकात," म्हणाला. हवा बरोबर होती. टेगननं पंपावर तपासली होती. तिला थांबायचं होतं, पण मागे हेझल रडायला लागली होती आणि कांगारू बाहेर पडायच्या आत साडेपाच तासांचा रस्ता कापायचा होता. ती निघाली. पुढे शंभर किलोमीटर तिला नीट दिसत नव्हतं.

आता ते वर गेलेत, वाळवंटाच्या मधोमध असलेल्या ॲलिसच्याही पुढे. फोन येतो पाचला. पण मध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस येत नाही; तिकडे सिग्नल नसतो हे भूगोलाच्या बाईला कुणी सांगायला नको. तरी पाच वाजले की ती हेझलला उचलून खिडकीशी जाते आणि उगाच रस्त्याकडे बघत राहते. तिला त्यांना परत आणायचं नाही. हो म्हणाली ती, आणि त्या हो वर ती ठाम आहे. फक्त तो हो एकटीनं पेलत नाही.

म्हणून तिनं हे सांगायला सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी कधी त्या रस्त्यानं गेलं, आणि पांढऱ्या कॅराव्हॅनच्या पाठीवर निळ्या रंगात 'नेव आणि ग्लेनिस, चॅनेल अठरा' असं लिहिलेलं दिसलं, तर गाडी थांबवा. गाडीत रेडिओ असेल तर आधी त्या चॅनेलवर बोलवा, नसेल तर सरळ जाऊन उभे राहा. बाईची काळजी करू नका. तिचं ऊन छान असेल आणि तिचं सगळं बघणारा तिथं आहे. तुम्ही त्याला बघा. उंच आहे, जरा लंगडतो, खूप बोलतो. चहा तोच करायला उठेल, त्याला बसवा, चहा तुम्ही करा. मग विचारा तो कसा आहे. तो तुम्हाला बायकोची तब्येत सांगेल. पुन्हा विचारा. तो टायर बघायला उठेल, कदाचित. जाऊ नका तेव्हा. तिला जावं लागलं होतं, तुम्ही बसा थोडं, तो परत येईपर्यंत.